मदत हवी आहे: हृदयाच्या पॅचसाठीची मॅग्नेशियम जाळी बाकावरच (वाकवलेल्या जागीच) का तुटते?

धातुवेडा:
हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यावर लावलेला जैविक पॅच रक्ताच्या दाबाने फुगू नये म्हणून वरून मॅग्नेशियमची जाळी बसवायची, पॅच सक्षम झाला की ती विरघळून जाईल, असं जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधक गटाचं डुकरांवरचं काम आहे. त्याच धर्तीची जाळी बनवतोय. एझेड31 (मॅग्नेशियमचा मिश्रधातू), 1 मिमी पत्रा, लेझरने कापून थंडच वाकवलेला. पृष्ठफळ 10 चौ. सेंमी, 37 अंश, ट्रिसवाला (पीएच स्थिर ठेवणारं रसायन घातलेला) एसबीएफ, म्हणजे शरीरद्रवासारखं क्षारांचं द्रावण, 50 मिली. पीएच 9 च्या वर जातो आणि जाळी बाकावर तुटते. सपाट तुकडे मात्र टिकतात. एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) पेशी 100 टक्क्यांच्या वर दिसतात, तेही कळत नाही. मिश्रधातू बदलून डब्ल्यूई43 (मॅग्नेशियमचाच दुसरा मिश्रधातू) घ्यावा का?

क्षरणपंथी:
धातू बदलायची घाई नको, आधी द्रव बदला. 50 मिली म्हणजे चौ. सेंमीला 5 मिली. एएसटीएम जी31 (बुडवून क्षरण मोजण्याचं मानक) किमान 20 म्हणतं, म्हणजे तुम्हाला 200 मिली हवं. 50 मिलीत ट्रिस साधारण अडीच मिलिमोल असतं. जेमतेम 30 मिग्रॅ मॅग्नेशियम विरघळलं की ते संपतं, मग पीएच चढणारच. आणि संपेपर्यंत हेच ट्रिस पृष्ठभागावर हायड्रॉक्साइडचा संरक्षक थर टिकू देत नाही. शिवाय एसबीएफमध्ये क्लोराइड 148 मिलिमोलर, प्लाझ्मात (रक्तद्रवात) 103. बायकार्बोनेट 4.2, प्लाझ्मात 27. थोडक्यात, तुमची चाचणी शरीराची नाहीच.

त्याऐवजी डीएमईएम (पेशी वाढवायचा पोषक द्रव), 10 टक्के सीरम, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर वापरा. झाकण घट्ट लावू नका, हायड्रोजन निघतो (1 मिग्रॅ मॅग्नेशियमला सुमारे 1 मिली). दोन-तीन दिवसांनी द्रव बदला. झीज वजनावरून काढा: मिग्रॅ प्रति चौ. सेंमी प्रति दिवस गुणिले 2.1 म्हणजे मिमी प्रति वर्ष. वजनाआधी क्षरणाचा थर काढायला लिटरला 200 ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि 10 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, पाच-दहा मिनिटं. सोबत एक कोरा (न झिजलेला) तुकडाही बुडवा, त्याची घट वजा करायची. हे विषारी षट्संयुजी क्रोमियम आहे, सिंकमध्ये ओतू नका.

एमटीटीचं उत्तर सोपं आहे: त्या चाचणीच्या रसायनाचं जांभळं फॉर्मॅझान एरवी जिवंत पेशी करतात, पण मॅग्नेशियम स्वतःच ते करतं. पेशींशिवाय एक विहीर (चाचणीच्या ताटलीतला खळगा) लावून बघा, तीही जांभळी होईल. बीआरडीयू (पेशींची वाढ मोजायची दुसरी चाचणी) वापरा आणि अर्क (धातू भिजवलेला द्रव) 6 ते 10 पट पातळ करा.

बाकतज्ज्ञ:
द्रव बदलला तरी बाक तुटणार, फक्त उशिरा. मॅग्नेशियम खोलीच्या तापमानाला नीट वाकत नाही. बाकाजवळ ताण साठतो, वरचा संरक्षक थर तिथेच तडकतो आणि भेगेच्या टोकाला क्षरण आत घुसतं. सपाट तुकड्यात हा ताण नाही, म्हणून ते टिकतात. डब्ल्यूई43 हळू विरघळेल, पण बाक असाच राहिला तर त्याचंही तेच. थंड वाकवायचं तर आतली त्रिज्या जाडीच्या पाच-सहा पट तरी ठेवा. त्याहून बरं म्हणजे 200-250 अंशांवर वाकवा. पत्रा एच24 (लाटून कडक केलेला आणि अर्धवट मऊ केलेला) असेल तर नंतर 150 अंशांवर तासभर ताण उतरवा.

लेझरच्या कडेवरची वितळून गोठलेली कुसळं काढल्याशिवाय काहीही मोजू नका. त्यांच्या खाचाच पहिली भेग देतात. फॉस्फोरिक आम्ल-इथेनॉलमध्ये इलेक्ट्रोपॉलिश करा (वीज लावून कड गुळगुळीत करा). घासायचं असेल तर सिलिकॉन कार्बाइड कागद, पाण्याऐवजी इथेनॉल. पोलादावर वापरलेला कागद नको, लोखंडाचा कण रुतला की तिथे खड्डा पडलाच.

आणि स्थिर बुडवून ठेवण्यावर फार विसंबू नका. मिनिटाला 70 ठोके म्हणजे दिवसाला एक लाख वाकणं. द्रवात बुडवून आवर्ती भार द्या, तेव्हाच खरं आयुष्य कळेल.

धातुवेडा:
झीज मंदावायला फ्लोराइडचा लेप कधी द्यायचा? वाकवण्याआधी चालेल?

बाकतज्ज्ञ:
नाही, सगळ्यात शेवटी. मॅग्नेशियम फ्लोराइड ठिसूळ, वाकवताना तडकेल. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं काम आहे, त्वचेवर सांडल्यास लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका.