आर्मेनियन आणि इटालियन वंशाचे अमेरिकी : उत्पन्नाची तुलना कशी करावी?

प्रश्न : अमेरिकेतील या दोन समाजांच्या सरासरी उत्पन्नाची सरळ तुलना करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ : माझ्या मते नाही. इटालियनांची मोठी लाट १८८० ते १९२४ या काळात आली. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे गरीब शेतकरी आणि मजूर होते, आणि अनेक जण पैसे साठवून परतही गेले. आज मोजले जातात ते मुख्यतः राहिलेल्यांचे नातू-पणतू. याउलट कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल शहरातील आर्मेनियनांत १९७५ नंतर लेबनॉनमधून, १९७९ नंतर इराणमधून आणि सोव्हिएत आर्मेनियातूनही आलेली कुटुंबे आहेत. तेहरानचा दुकानदार आणि येरेवानचा अभियंता एकाच रकान्यात पडतात.

प्रतिसाद २ : कॅलिफोर्नियातीलच फ्रेस्नोचे जुने आर्मेनियन मात्र विसरू नका. मनुक्यांसाठी द्राक्षबागा करणाऱ्या या लोकांना काही वस्त्यांतील घरे विकू नयेत, अशी अट खरेदीखतांतच असे. आर्मेनियन कायद्याने ‘गोरे’ ठरतात का, या १९२५ च्या कार्टोझियन खटल्यात त्यांची नागरिकत्वाची पात्रता टिकली नसती, तर नागरिकत्वास अपात्र परकीयांना जमीन घेण्यास मनाई असलेल्या कॅलिफोर्नियात त्यांची जमीनमालकीही धोक्यात आली असती.

प्रतिसाद ३ : भांडवलाचे काय? इटालियन वंशाचे बँकर जियानिनी यांनी १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बँक ऑफ इटली काढली आणि इतर बँका ज्यांना दारात उभे करत नसत, अशा छोट्या व्यावसायिकांना कर्जे दिली.