पाठीवर बचावपटू आला की स्ट्रायकरकडून फाऊल होतो, मदत हवी आहे

कोल्हापुरात पेठेतल्या ज्युनिअर फुटबॉल टीमला मी शिकवतो. आमचा स्ट्रायकर १७ वर्षांचा, अंगापिंडानं दांडगा. खांद्याला खांदा भिडवून चेंडू काढतो, कॉर्नरवरचा हेडर त्याचाच. घोळ होतो तो गोलकडे पाठ असताना. मागून बचावपटू चिकटला की हा कोपर मागे टाकतो आणि शिट्टी वाजते. पंचांचं चुकत नाही. चेंडू आवाक्यात असताना अंग मध्ये घालणं नियमात बसतं, हातानं रेटणं नाही. त्याला हे तोंडपाठ आहे, पण सामन्यात कुठलं आठवतंय!

भिंतीवर पास, फ्रेंच स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरूचे व्हिडिओ, एकास एक चेंडू राखणं, सगळं करून झालं. सरावात हात आवरतो. मला वाटतं मूळ दुखणं पहिल्या टचचं, म्हणजे आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेण्याचं आहे: चेंडू पायापासून लांब उडतो, मग तो वाचवायला हात जातो. डावा पाय तर नावालाच.

जिम नाही, संध्याकाळी अर्धं मैदान मिळतं. दुखापत नाही, दमही भरपूर. त्याला विंगला (मैदानाच्या कडेला) खेळवा, हे कृपया सांगू नका.

पाठीवर खरा दाब असताना पहिला टच सुधारायला नेमका कोणता सराव घ्यावा, आणि बचावपटूला पूर्ण जोर कधीपासून लावू द्यावा?