गाडी स्लोवर बंद पडते? दोष कुठं निघाला ते लिहा

उन्हाळा लागला की आपल्या भागात ही तक्रार वाढते. रस्त्याला गाडी मस्त पळते, पण रेल्वे फाटकाला रेसवरचा पाय काढून क्लच दाबला, म्हणजे इंजिन स्लोवर आलं, की आरपीएमची सुई खाली येते, स्टिअरिंग थरथरतं आणि इंजिन बंद. मग प्लग बदला, कॉइल बदला, पेट्रोल पंप बदला असं सुरू होतं. कापसाचे आलेले पैसे गॅरेजात जातात आणि दोष तिथंच राहतो.

माझं मत पक्कं आहे: पार्टला हात लावण्याआधी गाडी नेमकी कधी बंद पडते ते बघावं. थंड असताना की तापल्यावर? एसी लावला की? ब्रेक दाबला की? या उत्तरातच निम्मा शोध होतो. ज्यांच्या गाडीचा दोष सापडला त्यांनी लक्षण काय होतं आणि तो कसा सापडला, एवढं सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नको.

माझ्यापासून सुरुवात. पेट्रोल गाडी, लातूर. एसी लावून उभं राहिलं की बंद पडायची, एसी बंद केला की तग धरायची. थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी पाती जिच्यात असते तिचा) पाइप काढला तर पातीच्या कडेला काळं, चिकट कडं जमलेलं. स्लोवर पाती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन त्या बारीक फटीतूनच श्वास घेतं. फट कार्बननं बुजली की एसीचा भार आला रे आला, इंजिनचा दम निघतो. क्लीनर कापडावर घेऊन पुसलं आणि गाडी सुधारली. एक जपायचं: पाती मोटरवर चालणारी असेल तर ती बोटानं जोर लावून उघडू नका, आतले दाते जातात.

परभणीहून

वेचणीच्या दिवसांत माझी गाडी आखाड्यावर कडब्याच्या गंजीला लागून उभी असते. सुई कधी हजाराच्या वर, कधी एकदम तळाला, आणि मग बंद. गावातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. मी रेस द्यायला लागलो तर म्हणाले, "रेस नका देऊ मामा, ऐकू द्या जरा." एकेक रबरी नळी चिमट्यानं दाबत गेले. एका नळीपाशी इंजिनचा सूर लगेच बदलला. वरून ती नळी नवीकोरी दिसत होती. उलटी केली तर खालच्या बाजूला उंदरानं कुरतडून पाडलेलं भोक, कडेला दातांच्या खुणा. तिथून हवा आत जायली होती, जिचा हिशेब कॉम्प्युटरला नव्हता. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७१ कोड होता, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. हा कोड बघून काही जण थेट सेन्सर बदलतात. आधी नळ्या तपासा, नळी फार स्वस्त असते.

कन्नडहून

हे सगळ्यांनी नीट वाचा, यात जिवाचा प्रश्न आहे. माझी गाडी ब्रेक दाबला की बंद पडायची, फक्त ब्रेक दाबला की. ब्रेक पेडलही कडक झालं होतं. दोष ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा: आतला पडदा फाटलेला, त्यामुळे पेडल दाबलं की इंजिनात भसकन हवा शिरायची. औट्रम घाटात उतरताना इंजिन बंद पडलं तर बूस्टरची साठलेली ताकद एकदोन दाबांतच संपते, स्टिअरिंगही जड होतं. घरी तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, मग त्यावर पाय ठेवूनच गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी घाटात नेऊ नका.

नांदेडहून

मे महिना, पारा ४२च्या वर. सकाळी गाडीला काही नाही. दुपारी सिग्नलला उभं राहिलं की बंद. अर्धा तास सावलीत ठेवली की चालू. पेट्रोल पंप बदलून झाला, फरक शून्य. स्कॅनरला सुरुवातीला एकही कोड नव्हता. शेवटी एका पोरानं गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावला आणि स्टार्टर मारायला सांगितलं. स्टार्टर फिरतोय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य! क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, तापला की मुका व्हायचा. इंजिन फिरतंय हेच कळलं नाही तर कॉम्प्युटर ठिणगी देत नाही अन् पेट्रोलही सोडत नाही. तेव्हा गाडी बंद पडलेली असतानाच तपासून घ्या. गार झालेली गाडी गॅरेजात नेली तर काही सापडत नाही.

बीडहून

डिझेल. डिझेल फिल्टर बदलल्यापासून सकाळी चालू करून स्लोवर सोडली की बंद. पंपाआधी पारदर्शक नळी जोडून बघितली तर डिझेलबरोबर बुडबुडे येत होते. फिल्टरची ओ-रिंग नीट बसली नव्हती. नवी बसवली, हातपंपानं हवा काढली, काम झालं.

धाराशिवहून

कार्बोरेटरची जुनी गाडी कुणाकडं असेल तर: चावी ऑन केल्यावर कार्बोरेटरपाशी 'टिक' आवाज येतो का ऐका. स्लोच्या सोलेनॉइडची (स्लोचं पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर निघाली की तो येत नाही आणि पाय काढला की गाडी बंद. आवाज येत असेल तर पायलट जेटमधला (स्लोचं पेट्रोल जिथून येतं त्या बारीक छिद्रातला) कचरा बघा.

छत्रपती संभाजीनगरहून

सीएनजीवाल्यांनी आधी गाडी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर ठीक असेल तर गॅस फिल्टर आणि रिड्यूसरकडं (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडं) जा. माझ्या गाडीत फिल्टर तेलकट होऊन चोंदला होता.

जालन्याहून

माझी पेट्रोल गाडी बॅटरी बदलल्यापासून बंद पडायली. त्याआधी काहीच त्रास नव्हता. बॅटरीच खराब निघाली का?

@जालना (धागाकर्ता)

टर्मिनल घट्ट आहेत ना ते बघा आणि मीटर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांची स्लोची शिकलेली नोंद पुसली जाते. थ्रॉटलवर कार्बन असेल तर तो तेव्हाच उघडा पडतो. साफ करून मॅन्युअलप्रमाणे स्लो पुन्हा शिकवावा लागतो.

जालन्याहून

आत्ताच मीटर लावला, १४.१ आले. थ्रॉटल शनिवारी उघडतो, काय निघालं ते इथंच लिहितो.