केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब
ताई, मुलीला भौतिक आणि रासायनिक बदलाच्या व्याख्या पाठ आहेत पण फरक कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या रावेर-यावलकडे केळी काय, घरोघरी. कच्च्या केळ्याची चकती कापा, आकार बदलला, पदार्थ तोच; हा झाला भौतिक बदल. तिच्यावर जखमेला लावतात त्या आयोडीनचा थेंब टाका. केळ्यातल्या स्टार्चमुळे, म्हणजे पिठूळ पदार्थामुळे, ती निळीकाळी पडेल. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर तो रंग फारसा येत नाही, कारण पिकताना स्टार्चची साखर झालेली असते. स्टार्चची साखर होणं, म्हणजे वेगळा पदार्थ तयार होणं, हा रासायनिक बदल. आणि मला सगळ्यात सुंदर वाटतं ते तिला आवर्जून सांगा: स्टार्च असो की साखर, दोन्हींत अणू कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचेच! पाण्याच्या मदतीने स्टार्चची लांब साखळी तुटते, म्हणून चव आणि विद्राव्यता (पाण्यात विरघळण्याचा गुण) बदलते. आयोडीन लावलेली चकती मात्र खाऊ देऊ नका.