ट्राउट आणि कार्प : गोगलगायीची फ्लाय एकच चालेल का?

गोगलगायीची एकच फ्लाय (गळावर पिसे, केस वगैरे बांधून केलेले गोगलगायीसारखे कृत्रिम आमिष) ट्राउट आणि कार्प या दोघांसाठी चालेल का, या वरील प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, कारण हे दोन मासे गोगलगाय वेगवेगळ्या खोलीवर खातात. इंग्लंडमधील रटलंड वॉटरसारख्या जलाशयांत उन्हाळ्याच्या उबदार दिवसांत गोगलगायी वर येतात आणि पाय वर, शंख खाली अशा अवस्थेत पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून वाऱ्याबरोबर वाहत जातात. त्या वेळी ट्राउट त्यांना अगदी सावकाश टिपतो, आणि पाण्यावर उठणारी ती हलकी वलये पाहून अनेकांना मासा डासासारख्या किड्यांचे कोश खात असल्याचा भास होतो. यासाठी काळ्या फोमची किंवा हरणाच्या केसांची तरंगणारी फ्लाय बांधावी आणि ती जवळजवळ स्थिर ठेवावी.

गोगलगायी वर आलेल्या नसतील, तर मासेमारीवर लिहिणारे इंग्लिश लेखक टॉम आयव्हन्स यांनी लोकप्रिय केलेली ‘ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर’ ही फ्लाय मला सर्वाधिक भरवशाची वाटते. दहा नंबरच्या गळावर मोरपिसाचे तीन-चार तंतू दोऱ्याबरोबर पिळूनच गुंडाळावेत; नुसते तंतू ट्राउटच्या दातांनी लगेच तुटतात. शरीर गुबगुबीत हवे आणि पुढे काळ्या कोंबडीच्या मऊ पिसाचे दोनच वेढे पुरेत.

कार्पच्या तोंडात दात नसतात, तो शंख घशातील दातांनी चिरडतो आणि बहुधा तळाशीच चरतो. म्हणून त्याच्या फ्लायमध्ये मोरपिसाखाली वजनाची तार अवश्य गुंडाळावी.