प्रश्न आपल्या एकट्याच्या माहितीचा नाही

सोशल मीडियावरून आपली खासगी माहिती जाते असं म्हटलं की "लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कसली?" असं उत्तर येतं, ते मला पटत नाही. आपल्यामुळे दुसऱ्यांचं काय उघडं पडतं, हे त्यात धरलेलंच नाही.

केंब्रिज ॲनालिटिका आठवा, एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवणारी ब्रिटनमधली राजकीय सल्लागार कंपनी. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं होतं की भारतात ते प्रश्नोत्तरांचं ॲप घेतलं फक्त ३३५ जणांनी, पण माहिती गेली असण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजारांहून जास्त लोकांची. तेव्हा एकाने परवानगी दिली की त्याच्या मित्रयादीतल्यांची माहितीही सोबत जायची. त्या बिचाऱ्यांनी कशावर बोटही ठेवलं नव्हतं! ती वाट पुढे बंद झाली, पण कॉन्टॅक्ट्स मागणारी ॲप्स आजही आहेत आणि आपण 'अलाउ' दाबून मोकळे.

जाहिरातींचं मला फारसं काही वाटत नाही. चपला शोधल्या की आठवडाभर चपला दिसतात, दिसू देत.

मुलांच्या फोटोंचं मात्र वाटतं. शाळेचा पहिला दिवस, गणवेश, खिशावर शाळेचं नाव, मागे स्कूलबसचा नंबर, आणि खाली आत्या-मावश्यांच्या टोपणनावाने शुभेच्छा. "बाबांनी पाठवलंय" म्हणत शाळेच्या फाटकाशी येणाऱ्याला आणखी काय हवं? असे फोटो घरच्या ग्रुपवरच बरे.

सोशल मीडियावरचं अकाउंटच बंद करा, हेही काही खरं नाही. भिशीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं तिथेच ठरतं. सेटिंग्जमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी काढून बघा, बहुतेक ॲप्स तरीही चालतात.