कॅन्सर रुग्णाला पॅलिएटिव्ह केअर पहिल्या दिवसापासून हवी की शेवटी?

शेळगीकर:
निदान झालं की घरात केमो, रेडिएशन आणि पैशांचीच चर्चा. दुखणं, झोप, भीती यांचं काय, हे डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणाल्यावर आठवतं. माझं ठाम मत, हे सगळं सांभाळणारी शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, पहिल्या दिवसापासून हवी. २०१० साली बोस्टनमधल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण होते. ज्यांना उपचारांसोबतच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं. अखेरच्या दिवसांत मारा करणारे उपचार कमी होऊनही त्यांच्यातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून जास्त जगले, इतरांत हाच आकडा (मध्यक) ८.९ महिने. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. रुग्णांची नोंद ठेवण्यात आपण देशात पुढे, मग त्यांच्या दुखण्याची दखल घेण्यात मागे का?

बाळीवेस:
तो अभ्यास एकाच हॉस्पिटलचा, तोही अमेरिकेतला. इथे अक्कलकोट, करमाळ्याहून माणूस एसटीने येतो, सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. त्यात आणखी एक ओपीडी कशाला? आधी औषधं वेळेवर मिळू द्यात. आधाराला घर आहे ना. आमच्या काकूंना अख्ख्या गल्लीने सांभाळलं.

विडी घरकुलची सून:
दादा, गल्ली आमच्याही मदतीला आली. पण रात्री दोनला कळ आली की गल्ली काय करणार? सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर होता. भाताची पेज गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आम्ही म्हणायचो, 'बऱ्या व्हाल.' विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसायच्या, विडी एक वळायच्या नाहीत, नुसती पानं खालीवर करायच्या. आम्ही लपवलेलं त्यांना केव्हाच कळलं होतं. धाकटीच्या लग्नाचं कोण बघणार, हे त्यांनी शेजारणीला तेलुगूत विचारलं. आम्हाला कधीच नाही. त्यांच्याशी मोकळं बोलणारं कुणी हवं होतं.

होटगी रोड:
मोकळं बोलायचं ते बोला. पण मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं ते अफूपासूनचं औषध, सुरू केलं की माणूस गुंगीत जातो, सवय लागते. मला ते पटत नाही.

शेळगीकर:
कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने व्यसन क्वचितच लागतं. गुंगी बहुतेकांची काही दिवसांत उतरते. बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून रेचक सोबतच देतात. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. बाळीवेस, फेऱ्यांचा तुमचा मुद्दा रास्त आहे. केरळात गावातलेच स्वयंसेवक शिकून, नर्ससोबत रुग्णाच्या घरी जातात.

बाळीवेस:
घरी येणार असतील तर माझा विरोध नाही. पण आशाताईंवर फुकट लादू नका, त्याचा वेगळा मोबदला द्या.